कोकणकडा मावेल एवढा हेडसेट: सतरा महिने, चार भिंगं, एकशे पंचेचाळीस अंश

जून २०२३ मध्ये बाबांच्या दुसऱ्या गुडघ्याचाही एक्स-रे आला आणि डॉक्टरांनी डोंगर बंद केले. चाळीस वर्षं सह्याद्रीत फिरलेला माणूस. त्यातही हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा म्हणजे त्यांचं माहेरच म्हणायचं. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी माझा जुना व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की आपण त्या दृश्यात उभे आहोत असं वाटतं तो) काढला आणि ऑफिसातल्या एका मित्राने कड्यावर घेतलेलं ३६० अंशांचं चित्रीकरण लावून दिलं. दोन मिनिटांत त्यांनी हेडसेट काढून टेबलावर ठेवला.

"छान आहे गं. पण हे खिडकीतून बघितल्यासारखं आहे. कड्याचा वाक कुठंय?"

ज्यांनी तो कडा बघितलाय त्यांना ही तक्रार लगेच कळेल. कोकणकडा सरळ भिंतीसारखा नाही, घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला आहे. मधोमध उभं राहिलं की त्याचे दोन्ही हात आपल्या कानांपर्यंत येतात. समोर कोकण, पायाखाली पोकळी, आणि डोळ्यांच्या दोन्ही कोपऱ्यांत खडक. माझा हेडसेट आडवा जेमतेम ९५ अंश दाखवायचा. माणसाचे दोन डोळे मिळून २०० अंशांहून थोडं जास्तच बघतात. म्हणजे कड्याचा मधला तुकडा हेडसेटमध्ये होता आणि ज्यामुळे तो कोकणकडा वाटतो ते दोन्ही हात काळ्या कडेत गेले होते.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. भिंगांशी माझा शेवटचा संबंध बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये आला होता. तरी रुंद दृश्यकोनाचा हेडसेट घरी बनवायचा असं ठरवलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो झाला. सुरुवात करताना मराठीत कुणाचा असा अनुभव वाचायला मिळाला असता तर माझे निदान चार महिने आणि एक भिंगांचा संच वाचला असता. म्हणून हे सविस्तर लिहितेय, खर्चासकट.

जुलै २०२३: वही आणि पट्टी

पहिला महिना एकही वस्तू विकत घेतली नाही. नुसतं वाचलं. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा पहिला पडदा केला तेव्हा त्याचा दृश्यकोन होता सुमारे ४० अंश. रुंद कोनाची खरी उडी एरिक हौलेट यांच्या 'लीप' भिंगांनी मारली. ती त्यांनी मुळात त्रिमितीय छायाचित्रांसाठी केली होती आणि ऐंशीच्या दशकात नासाच्या एम्स केंद्राने आपल्या हेडसेटमध्ये तीच वापरली. हौलेट यांची युक्ती मला फार आवडली. बघायच्या भिंगातून चित्राच्या कडा ताणल्या जातात, त्या सरळ करायला आणखी काचा रचत बसण्यापेक्षा फोटो काढतानाच त्या बरोबर उलट्या बाजूने आकसायच्या. दोन चुका एकमेकींना खोडतात. आज हेच काम सॉफ्टवेअर करतं, आणि २०१२ च्या ऑक्युलस रिफ्टमध्ये साधं स्वस्त भिंग चाललं ते त्याचमुळे. मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे मला इथे पहिल्यांदा धीर आला.

मग वहीत आकडेमोड. व्हीआरचं भिंग म्हणजे शेवटी लहान पडद्यावर धरलेलं बहिर्गोल भिंगच. भिंगाचं नाभीय अंतर ४० मिमी आणि पडदा ६० मिमी रुंद असेल तर कोन मिळतो ७४ अंश. कोन वाढवायचे सरळ मार्ग दोनच: पडदा मोठा करा किंवा नाभीय अंतर कमी करा. पडदा मोठा केला की दोन पडदे नाकासमोर एकमेकांवर आदळतात, कारण आपल्या दोन बाहुल्यांत साधारण ६३ मिमी अंतर असतं. नाभीय अंतर कमी केलं की भिंग फुगीर आणि जड होतं, आणि कडेला चित्र फिसकटतं.

तिसरा मार्ग म्हणजे पडदा आणि भिंग ही जोडी दोन्ही बाजूंना थोडी बाहेर वळवायची, पुस्तक अर्धवट उघडून धरावं तशी. २०१९ च्या व्हॉल्व्ह इंडेक्स या हेडसेटमध्ये हे वळण ५ अंशांचं आहे. स्टारव्हीआर आणि पायमॅक्ससारख्या २०० अंशांच्या आसपासच्या हेडसेटची सगळी धडपडही पडदे आणि भिंगं बाहेरच्या बाजूला नेण्याचीच होती. यातलं गणित सोपं आहे आणि ते आधी समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखं होईल. एका डोळ्याला १०५ अंश दिसत असतील आणि प्रत्येक जोडी २० अंश बाहेर वळवली तर एकूण दृश्य होतं १०५ अधिक ४०, म्हणजे १४५. पण दोन्ही डोळ्यांना एकदम दिसणारा सामाईक भाग उरतो १०५ वजा ४०, म्हणजे फक्त ६५ अंश. खऱ्या डोळ्यांत हा भाग सुमारे १२० अंश असतो. बाहेर मिळवलेला प्रत्येक अंश मधून कापून घेतलेला असतो.

ऑगस्ट: कुठली भिंगं?

इथे मी सर्वांत जास्त घोळ घातला, म्हणून थोडं थांबते.

जाड अगोल भिंग (ज्याचा फुगवटा गोलाचा तुकडा नसतो) चित्र स्वच्छ देतं, पण मला हव्या त्या व्यासात दोन भिंगांचंच वजन मानेला नको झालं असतं. फ्रेनेल भिंग म्हणजे त्याच जाड भिंगाचा वक्र पृष्ठभाग गोल गोल चऱ्यांत कापून सपाट केलेला. ऑगस्तँ फ्रेनेल यांनी एकोणिसाव्या शतकात दीपगृहांसाठी काढलेली कल्पना. वजन जवळजवळ नाही, पण प्रत्येक चरीच्या धारेवर प्रकाश विखुरतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर असेल तर त्यातून किरणं फुटल्यासारखी दिसतात. दिवसाउजेडी दृश्यात ती फारशी टोचत नाहीत, आणि मला दाखवायचा होता भर उन्हातला कडा.

तिसरी जात पॅनकेक भिंगांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती घातलेला मेटाचा क्वेस्ट ३ बाजारात आला आणि माझं मन डळमळलं. यात प्रकाश भिंगाच्या आतच पुढे-मागे घडी घालून नेतात, त्यामुळे सगळा डबा पातळ होतो. ही घडी कशी पडते ते घरी बघता येतं. ध्रुवण म्हणजे प्रकाशाच्या लहरीची कंपनं एका ठरावीक पद्धतीने होणं; वर्तुळाकार ध्रुवणात ती डावीकडे किंवा उजवीकडे फिरत जातात. सिनेमागृहातला अशा वर्तुळाकार ध्रुवणाचा थ्रीडी चष्मा घालून आरशासमोर उभं राहा आणि एक डोळा मिटा. आरशात मिटलेला डोळा दिसतो आणि उघडा डोळा ज्या काचेमागे आहे ती काच काळी दिसते. परावर्तनात ध्रुवणाची दिशा उलटते म्हणून असं होतं. पॅनकेकमध्ये याच उलटण्याचा उपयोग करून प्रकाशाला एकदा अडवतात आणि एकदा सोडतात. पण वाटेत अर्धपारदर्शक आरसा दोनदा लागतो, दर वेळी अर्धा प्रकाश जातो, आणि सगळं आदर्श असलं तरी हाती चौथा हिस्साच उरतो. कोन मोठा झाला की ध्रुवणाच्या पापुद्र्यांतून प्रकाश गळून भुताटकीसारखी दुसरी प्रतिमा दिसते. कारखान्यात हे सांभाळता येतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ते जमलं नसतं.

आणखी एक वाट भुरळ घालणारी होती. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या दोघांनी नेहमीच्याच हेडसेटच्या कडेला विरळ एलईडी दिवे लावून नजरेचा कोपरा भरला होता. डोळ्याच्या कोपऱ्याला बारकावे कळत नाहीत, उजेड आणि हालचाल कळते, एवढ्यावर ते बेतलेलं. स्वस्त आणि हुशार. बाबांना विचारलं तर म्हणाले, "कोपऱ्यात नुसता उजेड नको, खडक हवा." तिथे तो विषय संपला.

शेवटी ठरली ती दोन फ्रेनेल भिंगांची थप्पी. एकच ताकदवान भिंग घेण्याऐवजी प्रत्येकी ७५ मिमीची दोन भिंगं ५ मिमी अंतरावर ठेवली तर मिळून नाभीय अंतर होतं सुमारे ३९ मिमी. प्रकाश वळवायचं काम दोघांत वाटलं जातं आणि कडेचा फिसकटलेपणा कमी होतो. डोळ्यागणिक दोन, म्हणून चार भिंगं. घेताना ॲक्रिलिकचीच घ्या. पॉलिकार्बोनेटमध्ये रंग जास्त फाकतात आणि रुंद कोनाच्या कडेला प्रत्येक फांदीला लाल-निळी किनार येते.

पडदे घेतले ५.५ इंची, २५६० बाय १४४० बिंदूंचे. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरांत हेच बसवायचे, त्यामुळे एचडीएमआयच्या चालक-पट्टीसकट (संगणकाचं चित्र पडद्यावर आणणारी पट्टी) सुटे मिळतात. मी घेतले तेव्हा एकाला ९,८०० रुपये पडले.

सप्टेंबर ते नोव्हेंबर: पार्सल

भिंगं ५,३०० रुपयांची आणि कुरिअर २,९०० चं. विक्रेता परदेशातला. त्याने आपणहून विचारलं, बिलावर किंमत कमी लिहू का? मी नाही म्हटलं आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला. १४ सप्टेंबरला पार्सल मुंबईत उतरलं आणि तिथेच थांबलं.

पहिल्या मेलमध्ये आधार आणि पॅन मागितलं. दिलं. चार दिवसांनी अधिकारपत्र मागितलं, म्हणजे माझ्या वतीने कुरिअरवाल्यांनी कस्टमची कागदपत्रं भरावीत असं सही करून द्यायचं. तेही दिलं. मग आठवडाभर शांतता. फोन केला की "मॅडम, अंडर प्रोसेस आहे." सव्वीस तारखेला कळलं की 'ऑप्टिकल लेन्स' एवढ्याच वर्णनावर शंका आली आहे: ही कशासाठी, कुठल्या यंत्रात, विकायची आहेत का? मी एका पानावर साध्या भाषेत लिहिलं की प्लास्टिकची आठ भिंगं आहेत, घरगुती प्रयोगासाठी आहेत, विक्रीसाठी नाहीत. सोबत विक्रेत्याच्या पानाची छापील प्रत आणि बँकेच्या व्यवहाराची नोंद जोडली. बिलावरची रक्कम आणि बँकेतून गेलेली रक्कम तंतोतंत जुळली आणि तीन ऑक्टोबरला पार्सल सुटलं. एकोणीस दिवस. शुल्क, कर आणि हाताळणी मिळून ३,७४०, वर गोदामभाडं १,१५०. उशीर त्यांच्या बाजूने झाला तरी गोदामभाडं मीच भरायचं, याचा मला फार राग आला होता. तक्रारही केली. पैसे परत आले नाहीत.

पडद्यांच्या वेळी शहाणी झाले होते. मागवण्याआधीच विक्रेत्याकडून बिलावर पूर्ण वर्णन लिहून घेतलं: सुटा एलसीडी पडदा, चालक-पट्टीसह, नग दोन, अख्खा मॉनिटर नाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, अधिकारपत्र, एका पानाचा खुलासा, सगळं एका पीडीएफमध्ये तयार ठेवलं आणि पहिला मेल आला त्याच तासात पाठवलं. सहा दिवसांत पडदे घरी. कुरिअर आणि शुल्क मिळून ८,४०० रुपये लागले, ते लागणारच होते. वस्तूच्या किमतीएवढीच रक्कम बाजूला धरून मागवा, मग मनस्ताप होत नाही.

डिसेंबर: चष्म्याचं दुकान

भिंगं चौकोनी तावांत आली होती. नाकाच्या बाजूला ती तिरकी कापणं आवश्यक होतं. भोसरीतल्या एका लेझरवाल्याकडे गेले. कड सुरेख निघाली, पण वितळलेल्या ॲक्रिलिकची वाफ चऱ्यांमध्ये जाऊन बसली आणि चारही भिंगांवर धुकं आलं. ते पुसायला मऊ कापड फिरवलं आणि चऱ्या घासल्या गेल्या. हा माझा सर्वांत महाग धडा. फ्रेनेल भिंग कधीही पुसू नका. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून हलवायचं, स्वच्छ पाण्यातून काढायचं आणि फुंकर मारून वाळवायचं.

उरलेली चार भिंगं घेऊन मी शनिवार पेठेतल्या एका जुन्या चष्म्याच्या दुकानात गेले. तिथले काच घासणारे काका पन्नास वर्षं हेच काम करताहेत. त्यांनी भिंग उजेडाकडे धरलं, बोट चऱ्यांवरून न फिरवता फक्त कडेवरून फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हे कापायचं नाही. घासायचं. पाण्यात." पुठ्ठ्याचा माझा नमुना त्यांनी स्वतः कापून नीट केला, चऱ्यांच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावली आणि चाकावर अर्ध्या तासात चारही भिंगं उतरवून दिली. चारशे रुपये घेतले. लेझरला साडेसातशे गेले होते.

डब्याचे भाग थ्रीडी प्रिंटिंगने करून घेतले, एकूण पाच आवृत्त्या, ६,४०० रुपये. डोक्याची हालचाल टिपणारा संवेदक, छोटा कंट्रोलर, वायरी, दुसरा एचडीएमआय काढायचा जोड असं सगळं मुख्यतः पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, ४,२६० रुपये.

२३ डिसेंबरला रात्री पहिल्यांदा दोन्ही पडदे लागले. आणि इथे मला मोह झाला. वळण ३० अंशांचं ठेवलं की एकूण दृश्य १६५ होत होतं. १६५! मी तसाच डबा छापला. घातला तेव्हा पहिले दहा सेकंद श्वास अडकला, इतकं ते मोठं होतं. मग डोळे दुखायला लागले. सामाईक भाग उरला होता फक्त ४५ अंश. समोर बघताना दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारख्या काळसर सावल्या दिसत होत्या, कारण एका डोळ्याचं चित्र जिथे संपत होतं तिथे मेंदूला दोन डोळ्यांपैकी कुणाचं खरं मानावं ते ठरवता येत नव्हतं. आकड्याच्या नादात मी त्या डब्याला चिकटून राहिले. बाबांना लगेच दाखवायचं धाडस झालं नाही.

फेब्रुवारी २०२४: पाचनई

चित्रीकरण मात्र थांबवून चालणार नव्हतं, धुकं आणि वणव्याचा धूर दोन्ही नसलेले दिवस मोजकेच मिळतात. कॅमेरा दोन दिवसांसाठी भाड्याने घेतला, ३,६०० रुपये. पुण्याहून गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावापर्यंतचा आणि तिथला खर्च २,२०० रुपये. अभयारण्याचा भाग असल्याने खालीच प्रवेशाची पावती घेतली, ओळखपत्र बरोबर ठेवा.

निघायच्या आदल्या रात्री बाबा म्हणाले, "उभ्यानं घेऊ नकोस. आडवं पडून घे. कडा तसाच बघायचा असतो." म्हणून दोन चित्रीकरणं केली. एक उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. दुसरं कातळावर पोटावर झोपून, मित्राने पाय धरलेले, कमरेला दोर, आणि कॅमेऱ्याची काठी कडेच्या बाहेर हातभर काढलेली. दोर आणि सोबतीशिवाय हे करू नका.

एकाच कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात त्रिमिती नसते. त्याची काळजी करत होते, पण हिशेब केल्यावर ती मिटली. शंभर मीटर लांबची वस्तू दोन डोळ्यांना जितकी वेगळ्या दिशेला दिसते तो फरक सुमारे दोन कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असतो, आणि माझ्या चित्रीकरणाचा एक बिंदूच जवळजवळ पावणेचार कलांचा होता. कडा आणि कोकण तेवढे दूर आहेत. फक्त हाताजवळचा कातळ सपाट वाटतो.

मार्च ते मे: दोन मिमी आणि पाच मिमी

रुंद हेडसेटमध्ये चित्र तयार करणं हीच एक मोठी अडचण असते. संगणक नेहमी सपाट काचेवर उमटावं तसं दृश्य रेखाटतो. कोन वाढला की त्या काचेच्या कडेला चित्र भयंकर ताणलं जातं आणि १८० अंशांना तर काच अनंत रुंद लागते. म्हणून असे काही हेडसेट प्रत्येक डोळ्यासाठी एकाहून जास्त तुकड्यांत दृश्य काढतात. माझं नशीब चांगलं की मला खेळ दाखवायचा नव्हता, चित्रीकरण दाखवायचं होतं. पडद्यावरचा प्रत्येक बिंदू भिंगातून कुठल्या दिशेला दिसतो ते माहीत असेल, तर त्या दिशेचा रंग थेट ३६० अंशांच्या चित्रातून उचलता येतो. मधली सपाट काच लागतच नाही.

फक्त ती दिशा मोजावी लागते. जुन्या फोनचा कॅमेरा डोळ्याच्या जागी ठेवला, खाली कोनमापक असलेला फिरता पाट बसवला आणि दर पाच अंशांना कुठला बिंदू समोर येतो त्याची नोंद केली. एका डोळ्याला साडेतीनशेच्या वर नोंदी, लाल, हिरवा, निळा वेगवेगळा. पहिल्या वेळी कॅमेरा दोन मिमी पुढे बसला होता, सगळं पुन्हा केलं.

एप्रिलमध्ये बाबांनी पहिल्यांदा घातला. मान हलवली तर ठीक, पण मान स्थिर ठेवून नुसते डोळे फिरवले की क्षितिज रबरासारखं हलायचं. मिनिटभरात त्यांना मळमळलं. मी फार घाबरले, मग दोन आठवडे कशालाच हात लावला नाही.

चूक माझ्या पाटात होती. मी कॅमेरा त्याच्या बाहुलीभोवती फिरवत होते. खरा डोळा बाहुलीभोवती फिरत नाही, तिच्या मागे सुमारे एक सेंटिमीटरवर असलेल्या केंद्राभोवती फिरतो. ३० अंश बाजूला बघितलं की बाहुली पाच मिमी सरकते, आणि भिंगातून बघायची जागा पाच मिमी बदलली की सगळं वाकणं बदलतं. मग कॅमेरा आसाच्या एक सेंटिमीटर पुढे बसवून पुन्हा मोजलं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्या दिशेला माणूस डोळे वळवून बघतो, साधारण मधल्या ३० अंशांपर्यंत, तिथे वळलेल्या बाहुलीची मोजणी वापरायची. त्यापलीकडे माणूस डोळे नेत नाही, मान वळवतो, तो भाग नेहमी नजरेच्या कोपऱ्यातूनच दिसतो. म्हणून तिथे समोर बघणाऱ्या बाहुलीची मोजणी घ्यायची आणि मधे दोन्ही हळूहळू मिसळायच्या. हे केलं आणि क्षितिज जागेवर थांबलं. या सगळ्या प्रवासातला सर्वांत आनंदाचा दिवस कुठला असं विचारलंत तर हा, १८ मे, आणि त्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं.

पावसाळा आणि पुढे

जून ते ऑगस्ट ऑफिसच्या कामात गेले. सप्टेंबरमध्ये भिंगांचा दुसरा संच मागवला, पहिल्या संचातल्या उरलेल्या भिंगांच्या चऱ्या जाड होत्या. भिंगं ४,१००, कुरिअर आणि शुल्क ५,२००. या वेळी पाच दिवसांत सुटला.

डबा नव्याने छापला, वळण २० अंश. १६५ सोडून १४५ वर येताना जीवावर आलं, पण सामाईक भाग ४५ वरून ६५ झाला आणि डोळे निवले. चंद्रकोरी मात्र पुसट का होईना, होत्याच. नाकाच्या बाजूची चित्राची कड एकदम न संपवता शेवटच्या काही अंशांत हळूहळू अंधारात नेली, तेव्हा त्या जवळजवळ गेल्या.

एक विचित्र अडचण आली. उजेड कमी केला की डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी थरथरायचं, समोर बघितलं तर काही नाही. पडद्यामागचा दिवा मंद करताना तो वेगाने चालू-बंद होतो, आणि लुकलुक पकडण्यात नजरेचा कोपरा मध्यापेक्षा तरबेज असतो. अरुंद हेडसेटमध्ये हे कळलंच नसतं. आता दिवा पूर्ण ठेवते आणि पुढे करडी फिल्म लावते.

शेवटचं वजन ८६० ग्रॅम, त्यात मागे लावलेलं प्रतिवजनही आलं. आणि हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगांतून ऊन आत गेलं की पडदा जळतो. माझा एक पडदा थोडक्यात वाचला, कोपऱ्यात पिवळा ठिपका आहे.

एकूण खर्च ६८,००० रुपये. कमी नाही. सतरा महिन्यांत विभागला म्हणून झेपला.

१० नोव्हेंबर २०२४

रविवार होता. बाबांनी आधी उभ्याचं चित्रीकरण बघितलं, भिंतीला हात टेकून. मान न हलवता समोर बघत राहिले आणि मग दोन्ही हात हळूहळू कानांच्या बाजूला नेले, कड्याचे हात जिथे होते तिथे. काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, आडवं घेतलेलं लाव. आईने दिवाणावरची चादर सारखी केली. ते पोटावर झोपले, डोकं दिवाणाच्या कडेबाहेर काढलं. पुढचं वजन खाली ओढत होतं म्हणून मी जमिनीवर बसून हेडसेट खालून तळहातावर धरला. आईने सवयीने त्यांचे पाय धरले.

बराच वेळ ते खाली बघत होते. त्यांची बोटं गादीच्या कडेला घट्ट धरून होती.

"अगं, तू जरा उजवीकडं झोपायला हवं होतंस," ते म्हणाले. "आम्ही झोपायचो तिथनं नळीची वाट दिसते."

फेब्रुवारीत पुन्हा जायचंय. कॅमेरा आत्ताच सांगून ठेवलाय.